नव्या पेशी की घट्ट जोडण्या?

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी हमखास ऐकू येतं, ‘धावल्यानं मेंदूत नव्या पेशी तयार होतात, म्हणून लक्षात राहतं.’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालाय, आणि तो सोडवावा असं मला मनापासून वाटतं.

नवी चेतापेशी जन्माला येणं ही एक गोष्ट. आहेत त्याच पेशींमधल्या जोडण्या, म्हणजे सिनॅप्स, गरजेप्रमाणे घट्ट किंवा सैल होणं ही दुसरी. तिलाच सिनॅप्सची लवचीकता म्हणतात. आपल्याकडचा द्राक्षबागायतदार हा फरक चटकन ओळखेल. नवी वेल लावली तर घड दिसायला दीड-दोन वर्षं जातात. जुन्या वेलीची ऑक्टोबर छाटणी केली की त्याच हंगामात माल येतो. उंदराच्या मेंदूत नवी पेशी कामाला लागायला कित्येक आठवडे घेते. जोडणी घट्ट व्हायला मात्र मिनिटं पुरतात. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, विजेचे संकेत देऊन अशी बळकटी तासन्‌तास टिकते हे दाखवलं.

मग गोंधळ का होतो? दोन्हींना खतपाणी एकाच जनुकाकडून मिळतं म्हणून. धावताना चेतापेशी वारंवार चेततात, त्यांच्यात कॅल्शियम शिरतं आणि बीडीएनएफ या प्रथिनाचं जनुक जास्त वाचलं जातं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, वाचन वाढतं, म्हणजे ते प्रथिन जास्त बनतं. काही रात्री चाकावर धावलेल्या उंदरांत हे १९९५ मध्येच दिसलं होतं. हे प्रथिन जोडण्या घट्ट करतं आणि नव्या पेशी जगवायलाही हातभार लावतं. १९९९ च्या प्रयोगात तर धावणाऱ्या उंदरांत नव्या पेशी, जोडण्यांची बळकटी आणि शिकणं, तिन्ही एकदमच वाढलं.

माणसांचं चित्र मात्र इतकं स्पष्ट नाही. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी बनतात की नाही, यावर २०१८ मध्ये दोन अभ्यासांनी अगदी उलट निष्कर्ष काढले. १२० ज्येष्ठांच्या २०११ मधल्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, हे खरं. पण एमआरआय आकार मोजतो, पेशी नाही. ती वाढ जोडण्यांची किंवा रक्तवाहिन्यांचीही असू शकते.

म्हणून ट्रॅकवर कुणी नव्या पेशींचं बोललं, की मी मध्येच ‘उंदरांत’ हा शब्द घालते.