अस्वस्थ मनाचा एकत्र बसून शोध : पार्श्वभूमी

दहा-पंधरा माणसे गोलात बसतात. थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग एक प्रश्न पुढे येतो : मन सतत का पळते? मंत्र नाही, प्रवचन नाही, उत्तर देणारा गुरूही नाही.

या रीतीचे मूळ ३ ऑगस्ट १९२९ या दिवसापाशी नेता येते. जगद्गुरू म्हणून पुढे आणलेल्या जे. कृष्णमूर्ती या तरुणाने त्या दिवशी हॉलंडमधील ओमेन येथे, त्याच्याचसाठी १९११ मध्ये उभारलेला संघ विसर्जित केला. पुढे १९४७ नंतर मुंबईत कृष्णमूर्तींच्या जाहीर भाषणांच्या जोडीने छोट्या गटांच्या चर्चा होत राहिल्या. स्वित्झर्लंडमधील सानेन येथे १९६१ ते १९८५ दर उन्हाळ्यात मेळावे भरले. कृष्णमूर्तींशी वर्षानुवर्षे बोलणाऱ्या डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाने नंतर स्वतंत्र मांडणी केली : वीस ते चाळीस माणसे, विषयपत्रिका नाही, नेता नाही.

मराठीत खरा गुंता 'ध्यान' या शब्दाचा आहे. योगसूत्रांत धारणेनंतर ध्यान येते, म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधायचे आणि तिथेच टिकवायचे. या बैठकींत नेमके उलटे अपेक्षित आहे. मन पळते तर त्याला ओढून आणायचे नाही, पळताना पाहायचे. ओढणाराही तेच मन आहे, हे दिसणे महत्त्वाचे. म्हणून 'अवधान' हा शब्द मला जास्त योग्य वाटतो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. म्हणजे हा शब्द आपल्याकडे मुळातच एकत्र बसून ऐकण्याशी जोडलेला आहे. 'आत्मपरीक्षण' मात्र इथे चालत नाही. त्यात चुका मोजण्याचा सूर येतो आणि माणूस लगेच स्वतःला सुधारायला धावतो.

१७ फेब्रुवारी १९८६ रोजी कृष्णमूर्तींचे निधन झाले. मागे वारस नाही, अधिकृत भाष्यकारही नाही, हे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते. तेव्हापासून गट चालवायचा कोणी, हा वाद मिटलेला नाही. काहींच्या मते समन्वयक नेमला की मागच्या दाराने गुरू आत येतो. इतरांचा अनुभव असा की समन्वयक नसेल तर दोन बोलके लोक तास खाऊन टाकतात आणि ज्याला खरोखर विचारायचे असते तो गप्प राहतो. मला दुसरी तक्रार अधिक खरी वाटते. प्रश्न जागेवर आणणारा कोणी असावा, फक्त उत्तर त्याच्याकडे नसावे.

२०२० नंतर अशा बैठका ऑनलाइनही होऊ लागल्या. तिथे माइक चालू-बंद करायला, हात वर केलेल्याला बोलावायला एक माणूस लागतोच. त्यामुळे गोलात बसताना टाळता येणारा तो प्रश्न आता प्रत्येक बैठकीच्या पहिल्या मिनिटालाच समोर येतो.