निरांजनाच्या उजेडातील व्यक्तिचित्र : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निरांजन हाती घेतलेल्या स्त्रीचे छायाचित्र काढून हवे, असे सांगणाऱ्या अनेकांच्या मनात सा. ल. हळदणकर या सावंतवाडीच्या चित्रकारांचे, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात असलेले प्रसिद्ध जलरंगचित्र असते. आम्ही त्याची नक्कल करून देत नाही. परंतु अशा विषयासाठी लागणारी मुख्य गोष्ट त्यातून नेमकी कळते. चेहरा, तळवा आणि पदर यांवरचा उजेड एकाच ज्योतीचा आहे, अशी पाहणाऱ्याची खात्री पटली पाहिजे. ती पटली नाही, तर वेशभूषा आणि दागिने कितीही अचूक असले तरी छायाचित्र खोटे वाटते. म्हणूनच साडी निवडण्याआधी प्रकाशाचे कसे करायचे, हे आम्ही आपल्याशी बोलून ठरवतो.

ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे चेहरा उजळलेला आणि निऱ्या काळोखात, असा जो उतार मिळतो तो आम्ही जपतो. केवळ ज्योतीवर चित्र घ्यायचे तर मॉडेलला बराच वेळ निश्चल राहावे लागते. म्हणून तळव्याच्या आडोशाला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा लहान एलईडी दिवा ठेवतो. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड नारिंगी. ज्योतीचा रंग साधारण 1900 केल्विनचा, तर फ्लॅशचा सुमारे 5500 केल्विनचा असतो. त्यामुळे या लहान दिव्यावर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावतो आणि कॅमेऱ्यामागच्या मोठ्या सॉफ्टबॉक्समधला (उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या कापडी पेटीतला) फ्लॅश मात्र बिनरंगी, अगदी मंद ठेवतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ती मांडणी, 3200 केल्विनच्या आसपास ठेवला की सावल्यांना किंचित निळसर छटा येते आणि तिन्हीसांजेचा भास होतो.

निरांजन हनुवटीच्या सरळ खाली धरल्यास नाकाची सावली वर चढून चेहरा भेसूर दिसतो. ते छातीच्या उंचीवर, शरीरापासून हातभर पुढे आणि थोडे एका बाजूला धरावे व चेहरा त्या बाजूस वळवावा. दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योत आणि कॅमेरा यांच्या मध्ये असावा. ज्योत आणि चेहरा यांच्या मध्ये आल्यास गालावर बोटांच्या सावल्या पडतात. योग्य जागी धरलेल्या बोटांच्या कडांमधून उजेड झिरपून त्या लालसर दिसतात, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भाग तोच आहे. नजर थेट ज्योतीवर ठेवल्यास पापण्या झुकून डोळ्यांतील चमक हरवते. नजर ज्योतीच्या किंचित वर असावी.

चौकट बहुधा उभी घेतो, नजरेच्या दिशेला काळोखी जागा मोकळी सोडतो आणि मागचा पडदा मॉडेलपासून किमान दोन मीटर दूर ठेवतो. 85 मिमीची लेन्स वापरल्याने कॅमेरा पुरेसा लांब राहतो आणि पुढे आलेले हात अवाजवी मोठे दिसत नाहीत.

साडी सुती किंवा मऊ रेशमाची, जांभळी, मोरपंखी अशा गडद रंगाची असावी. काळी साडी पडद्यात विरून जाते, आणि तिची कड दाखवण्यासाठी मागून दिवा लावला की एकाच ज्योतीचा आभास मोडतो. रुंद जरीचे काठ आणि खड्यांची टिकली टाळावी. मोत्यांची नथ मात्र अवश्य आणावी. मॉडेल घरातील असो वा व्यावसायिक, चमकदार मेकअप नको.

खऱ्या ज्योतीसोबत सिंथेटिक साडी आम्ही मुळीच चालवून घेत नाही. पदर पिनांनी पक्का केला जातो, केस बांधलेले लागतात, पंखे बंद असतात आणि पाण्याची बादली शेजारी असते. लहान मुलांच्या हाती फक्त बॅटरीचा दिवा दिला जातो.

घरचे निरांजन आणल्यास आम्हांला आनंदच होईल. फक्त ते चिंचेने लखलखीत घासून आणू नये, कारण चकचकीत पितळेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन उमटतो.