ग्रीक चित्रित भांड्यांवरील देव आणि पुराणकथा

प्राचीन ग्रीसमध्ये, प्रामुख्याने कॉरिंथ व अथेन्स येथे, इ. स. पू. सातव्या ते चौथ्या शतकांत मातीच्या भांड्यांवर देवदेवतांची आणि वीरांची चित्रे काढली जात. द्राक्षारसात पाणी मिसळण्याचा क्रेटर, साठवणीचा अँफोरा, पिण्याचा उथळ कायलिक्स अशी ही नेहमीच्या वापरातली भांडी. आज अखंड मिळालेली अनेक भांडी इटलीतील एट्रुस्कन (रोमपूर्व काळातील तेथील एक समाज) थडग्यांतली आहेत.

चित्रातला देव चेहऱ्यावरून ओळखू जाऊ नये. चेहरे बहुधा एकाच ठशाचे असतात. आधी हात पाहावेत. वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन, सर्प गुंफलेली काठी आणि पंखांचे जोडे असतील तर हर्मीस. अथीनाला शिरस्त्राण व सापांची झालर असलेले उरस्त्राण, डायोनायससला आयव्हीची वेल आणि उंच कानांचा पेला, वीर हेराक्लीझला सिंहाचे कातडे. हाताचा तुकडा हरवला की दाढीवाला झ्यूस कोणता आणि पोसायडन कोणता, हे सांगणे कठीण होते. काही चित्रकार आकृतीशेजारी नावच लिहीत, आणि तेव्हा वाद मिटतो. लाल मातीवर काळ्या आकृती काढण्याच्या शैलीत स्त्रियांची कांती पांढरी असे. हा पांढरा रंग काळ्या लेपावर चढवलेला असल्याने झडतो, म्हणून काळा चेहरा दिसला तरी ती आकृती पुरुषाचीच असेल असे धरू नये.

काळा रंग म्हणजे वेगळे रंगद्रव्य नव्हे, तर भांड्याचीच लोहयुक्त माती पाण्यात निवळून काढलेला अतिसूक्ष्म गाळ. भट्टी प्रथम हवा खेळती ठेवून सुमारे ८००° से.पर्यंत तापवत. मग झरोके बंद करून ओले लाकूड घालत. सुमारे ९५०° से.ला सगळे भांडे काळे पडे आणि लेप वितळून काचेसारखा घट्ट होई. थोडे निवल्यावर झरोके उघडले की सच्छिद्र माती प्राणवायू घेऊन पुन्हा लाल होई. लेपात मात्र तो शिरत नसे. लेप पुरता घट्ट झाला नसेल तर तोही तांबूस होई. एकावर एक रचलेल्या भांड्यांत धूर न पोहोचलेल्या जागी गोल तांबडे डाग राहात. इ. स. पू. ५३०–५२०च्या सुमारास अथेन्समध्ये रीत उलटली: पार्श्वभूमी काळी, आकृती लाल. तपशील टोकदार हत्याराने कोरण्याऐवजी कुंचल्याने काढता येऊ लागल्यामुळे देवांच्या अंगाला वळण आले.

फ्लॉरेन्समधील फ्रांस्वा क्रेटर (सु. इ. स. पू. ५७०) कुंभार एर्गोटिमॉस व चित्रकार क्लायटियास यांचा आहे. ६६ सेंमी. उंचीच्या या भांड्यावर सुमारे २७० आकृत्या आहेत. वीर पेलेउस व समुद्रदेवता थेटिस यांच्या लग्नाला निघालेली देवांची रांग त्यात मुख्य. १९०० साली त्याचे ६३८ तुकडे झाले होते. ते पुन्हा जोडले गेले.

ही चित्रे म्हणजे काव्यांची सचित्र आवृत्ती नव्हे. व्हॅटिकनमधील, चित्रकार डूरिसच्या कायलिक्सवर (सु. इ. स. पू. ४८०–४७०) सोनेरी लोकर आणायला गेलेला वीर जेसन तिची राखण करणाऱ्या अजगराच्या जबड्यातून अर्धा बाहेर आला आहे, मागे झाडावर ती लोकर लटकते आहे आणि हातावर घुबड घेतलेली अथीना समोर उभी आहे. नंतरच्या काव्यात जेसनला मदत करणारी जादूगार मीडिया मंत्राने या सापाला झोपवते. गिळलेल्या जेसनची कथा उपलब्ध ग्रीक वाङ्मयात कोठेही नाही.