स्प्लिट एसी : घरासाठी निवड

स्प्लिट एसी म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर टाकणारे, दोन भागांत विभागलेले वातानुकूलन यंत्र. एक भाग (इनडोअर) खोलीच्या भिंतीवर असतो, दुसरा (आउटडोअर) गॅलरीत, गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीला ठोकलेल्या स्टँडवर. दोन्हींना तांब्याच्या दोन नळ्या आणि विजेची तार जोडते. इनडोअरमध्ये साठणारे पाणी वेगळ्या ड्रेन पाइपने बाहेर जाते. थंड हवा पत्र्याच्या डक्टमधून घरभर फिरवावी लागत नाही, म्हणून हे डक्टविरहित वातानुकूलन. खिडकीत बसणारा विंडो एसीही डक्टविरहितच. त्याचे दोन्ही भाग एकाच पेटीत असतात. अमेरिकेत बऱ्याच घरांना आधीपासून डक्ट असतात, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबाला डक्टशिवायचा एसी हा वेगळा पर्याय वाटतो. महाराष्ट्रात घरगुती एसी म्हटला की तो जवळजवळ नेहमी डक्टविरहितच असतो. इथले प्रश्न वेगळे : किती टनांचा (थंड करण्याची क्षमता), किती स्टारचा (विजेची काटकसर) आणि आउटडोअर कुठे लावायचा. दुकानात पहिल्या दोन प्रश्नांवर तासभर बोलणे होते. तिसरा प्रश्न बहुधा फिटिंगवाला दारात उभा राहिल्यावर निघतो.

पार्श्वभूमी

विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची योजना आखली. तिथली तक्रार उकाड्याची नव्हती. दमटपणामुळे कागद फुगे आणि रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसत नसे. मुंबईत वातानुकूलन आधी चित्रपटगृहांत दिसले. कुलाब्याचे रीगल १९३३ मध्ये सुरू झाले तेव्हाच वातानुकूलित होते. या धंद्यातल्या दोन मोठ्या भारतीय कंपन्याही मुंबईच्याच : ब्लू स्टार १९४३ची, व्होल्टास १९५४ची. दोन भागांचा एसी जपानमध्ये १९६०च्या दशकात घरांत शिरला आणि १९८०च्या सुमारास तोशिबाने गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टर तंत्राची यंत्रे आणली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत मात्र बराच काळ विंडो एसीचेच राज्य होते, आणि तेही एकाच बेडरूममध्ये, जिथे मे महिन्यात सगळे घर गाद्या टाकून झोपे.

कार्य

इनडोअरमधल्या थंड कॉइलवरून, म्हणजे गॅस वाहणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, खोलीचीच हवा फिरवली जाते. कॉइलमध्ये द्रवरूप गॅसचे (थंडावा देणाऱ्या रसायनाला बोलीत गॅसच म्हणतात) बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो हवेतून घेतो. आउटडोअरमधला कॉम्प्रेसर हा वायू दाबून तापवतो, पंखा ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो, गॅस पुन्हा द्रव होतो आणि आत येतो. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमून पाणी होते. ड्रेन पाइपमधून ठिबकते ते हेच.

यातून एक गोष्ट निघते, जी पुष्कळांना पटत नाही : साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. बंद खोलीत चार माणसे रात्रभर झोपली तर कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि सकाळी डोके जड होते. दाराची फट किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा अधूनमधून कामी येतो.

साध्या, म्हणजे फिक्स्ड स्पीड, यंत्रात कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो किंवा बंद असतो. इन्व्हर्टर एसीत त्याचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा काही संबंध नाही; बॅटरीवर दिवे-पंखे चालवणारा नेहमीचा संच एसीचा भार पेलू शकत नाही.

हवामानाप्रमाणे निवड

महाराष्ट्र आणि गोव्यात एकच एसी सगळीकडे सारखा चालतो असे मानणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

कोकणपट्टीत, म्हणजे मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे, पारा फार चढत नाही, पण हवा पाण्याने भरलेली असते. इथे एसीचे बरेचसे काम पाणी काढण्याचे. खोलीच्या मानाने फार मोठा फिक्स्ड स्पीड एसी घेतला तर तो भराभर थंड करून बंद पडतो आणि हवा ओलीच राहते; खोली गार पण चिकट लागते. पावसाळ्यात रिमोटवरचा ‘ड्राय’ मोड इथे खरोखर उपयोगी ठरतो. समुद्राजवळ खारा वारा आउटडोअरच्या कॉइलचे पंख (पातळ पत्र्या) खातो, म्हणून गंजरोधक लेप असलेली कॉइल मागावी. तो लेप बहुधा निळा असतो, पण नुसता रंग पाहून भागत नाही. वॉरंटीच्या कागदात गंजाबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या कौलारू घरांची गोष्ट निराळी. कौलांच्या फटींतून घर श्वास घेते, आणि तोच त्याचा गुण आहे. तशा खोलीत एसी लावला तर थंडावा वर निघून जातो व यंत्र दिवसभर धापा टाकते. खोलीवर लाकडी माळा असेल किंवा खालून फॉल्स सीलिंग केले असेल तर वेगळे. सगळे घर थंड करण्यापेक्षा माळ्याखालची एक खोली नीट बंद करून घेणे शहाणपणाचे.

विदर्भात उलटे. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत वाळ्याच्या किंवा गवती ताट्यांचा कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत चांगले काम करतो. खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला पत्र्याचा कूलर ही नागपूरच्या गल्ल्यांची ओळखच आहे. मृगाचे ढग आले की मात्र कूलर घर नुसते दमट करतो, आणि पाणीटंचाईच्या वस्तीत त्याची टाकी रोज भरणे हेच एक काम होऊन बसते. एसी घ्यायचाच असेल तर विदर्भाने एक आकडा लक्षात ठेवावा : यंत्राची अधिकृत क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५ असताना तेच यंत्र कमी थंडावा देते आणि जास्त वीज खाते. म्हणून माहितीपत्रकात किती अंशांपर्यंत यंत्र चालेल आणि उच्च तापमानाला त्याची क्षमता किती राहील, हे पाहावे.

पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात रात्री बऱ्याचदा हवा निवळते. एसी खऱ्या अर्थाने दीड-दोन महिने लागतो, आणि तेही वरच्या मजल्यावर जास्त. तिथे एसीच्या आधी स्लॅबचा विचार व्हावा. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) किंवा पांढरा उष्णतारोधक लेप, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताट्या किंवा पडदा, एवढ्यावर कधी अर्धा टन वाचतो तर कधी एसीची गरजच टळते.

टन

एक टन म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी क्षमता, अर्थात तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) किंवा सुमारे ३.५ किलोवॅट. एसीच्या वजनाशी तिचा संबंध नाही. ढोबळ हिशेब असा : १२० चौरस फुटांपर्यंत १ टन, १८० पर्यंत दीड, त्यापुढे २. वर थेट गच्ची असेल, भिंत पश्चिमेची असेल, मोठी काच असेल किंवा हॉलला लागून उघडे स्वयंपाकघर असेल, तर एक पायरी वर जावे. तळमजल्यावरच्या, झाडाच्या सावलीतल्या बेडरूमला याची गरज नसते.

खोक्यावरचा टन आणि लेबलवरचे वॅट मात्र ताडून पाहावेत. दीड टन म्हणजे हिशेबाने सुमारे ५,२७५ वॅट. बाजारात दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांची प्रत्यक्ष शीतन क्षमता पाच हजारांच्या खाली असते. हे बेकायदेशीर नाही, आकडा लेबलवर छापलेलाच असतो. पण दोन एसींची किंमत तोलताना तोच आकडा धरावा, दुकानदाराचा ‘दीड’ नव्हे.

स्टार आणि वीजबिल

ऊर्जा दक्षता ब्यूरोने स्टार लेबलची योजना २००६ मध्ये आणली. २०१८ पासून एसीचे स्टार ‘आयसीर’ या हंगामी गुणांकावर ठरतात : वर्षभरात काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचा पाच स्टार नव्या मोजपट्टीवर चार किंवा तीन होऊ शकतो. गोदामात पडून राहिलेला माल सेलमध्ये घेताना लेबलवरचा कालावधी पाहावा आणि स्टारऐवजी थेट आयसीरची तुलना करावी.

लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही लिहिलेले असते. तो आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला आहे. समजा तीन आणि पाच स्टारच्या दोन यंत्रांत २०० युनिटांचा फरक आहे. मुंबईत मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात रोज रात्री एसी लावणाऱ्या घराला हा फरक जवळजवळ पूर्ण मिळतो. पुण्यात ३०० तास वापरणाऱ्याला तो जेमतेम चाळीस युनिटांचा पडतो, आणि पाच स्टारसाठी मोजलेली जादा किंमत यंत्राच्या आयुष्यात वसूल होणे अवघड. पाच स्टार सर्वांनी घ्यावा हा सल्ला म्हणूनच सरसकट खरा नाही.

बिलात आणखी एक मेख आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो : १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. महिन्याला ८०-९० युनिट वापरणारे घर एसीमुळे अडीचशेवर गेले, तर एसीची जवळजवळ सगळी वीज वरच्या दराने मोजली जाते. बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता आपण ज्या टप्प्यात पोचतो त्या दराने करावा.

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू करताच २४ अंशांवर येतात. तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा अंदाज आहे. २६ वर एसी आणि मंद छताचा पंखा ही जोडी बहुतेकांना पुरते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. यंत्र फक्त थांबायचे विसरते.

जागा आणि फिटिंग

चांगला एसी वाईट फिटिंगने बिघडतो, आणि त्याचा दोष पुढे कंपनीवर जातो. आउटडोअरला समोर मोकळी हवा हवी. नव्या इमारतींत दर्शनी भाग चांगला दिसावा म्हणून आउटडोअर जाळीमागे किंवा अरुंद कोनाड्यात ठेवायला लावतात. तिथे सोडलेली गरम हवा फिरून परत त्याच कॉइलमध्ये येते आणि ऐन दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. डक्ट एरियात (इमारतीतल्या नळांसाठीच्या उभ्या पोकळीत) एकावर एक सहा मजल्यांचे आउटडोअर असतील तर वरच्यांची अवस्था सर्वांत वाईट. जागा ठरवताना तिथवर माणूस सुरक्षितपणे पोचू शकेल का, हेही पाहावे. दहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर दोरीशिवाय उभे राहून सर्व्हिस करणारे मेकॅनिक शहरात रोज दिसतात. सोसायटीची परवानगी घेताना नियमांत हा मुद्दा असायला हवा. असतो तो बहुधा फक्त रंग आणि गळणाऱ्या पाण्याबद्दलचा.

यंत्रासोबत साधारण ३ मीटर पाइप मिळतो, पुढचा विकत. नळ्यांसाठी भिंतीत पाडलेले कोअर कटिंगचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते हवे आणि ड्रेन पाइपला सलग उतार हवा, नाहीतर पाणी भिंतीवरून घरात येते. नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावी लागते. वेळ वाचवायला काही फिटर पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ‘उडवून’ देतात. एसी त्या दिवशी उत्तम चालतो. आत राहिलेली ओल हळूहळू तेल आणि कॉम्प्रेसर खराब करते. पंप आणला आहे का, एवढे विचारण्यात संकोच नको.

विजेचे काम आधी करून घ्यावे : स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग. दुसरा-तिसरा एसी घेताना मीटरचा मंजूर भार वाढवावा लागतो. इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही, हे कंपनीने दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेतच खरे. गावाकडे शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज त्याखाली जाते. तिथे स्टॅबिलायझर घ्यावा.

गॅस आणि देखभाल

जुना आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त आहे. सध्या सर्वाधिक चालणाऱ्या आर-३२ची ६७५ पट आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन. पर्यावरणाला सर्वांत सौम्य, पण ज्वलनशील, म्हणून यंत्रात अगदी थोडा भरतात. आर-३२ही सौम्य ज्वलनशील आहे. दोन्हींचे काम नवख्या माणसाकडून करून घेऊ नये.

‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’ ही समजूत मेकॅनिकांच्या फायद्याची आहे. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे; ती शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. घरी करण्यासारखे काम एकच : हंगामात दर दोन आठवड्यांनी इनडोअरमधली धूळ अडवणारी जाळी धुणे. कॉइलची जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार झोताने सफाई) उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा पुरते, समुद्रकिनारी दोनदा.

भाड्याचे घर

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी स्प्लिट घेण्याआधी हलवण्याचा खर्च धरावा : काढणे, वाहतूक, पुन्हा बसवणे, लागला तर नवा पाइप आणि जुन्या घरातली भोके बुजवणे. खिडकी योग्य मापाची असेल तर विंडो एसी त्यांना अजूनही सोयीचा. स्प्लिट काढताना आधी एसी चालू ठेवून वाल्व्ह बंद करून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाउन म्हणतात. ते न करता नळ्या कापल्या की गॅस हवेत जातो आणि नव्या घरी तो भरण्याचे बिल भाडेकरूला येते. घाईने काढणारा माणूस स्वस्त असतो तो यामुळेच.