पॉलिश लावायच्या आधी लाकडावरची धूळ कशी काढायची

आमच्याकडून पॉलिश नेलेल्या लोकांचा फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी, हात फिरवला की खरखर लागते, डब्यातच कचरा होता का? आम्ही विचारतो घासून झाल्यावर काय केलं, तर म्हणतात कोरड्या फडक्याने पुसलं. गडबड तिथेच होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, डबा उघडायच्या आधी वाचून घ्या.

लाकूड कितीही गुळगुळीत लागलं तरी त्यात बारीक नळ्या असतात, झाड उभं असताना त्यातूनच पाणी वर चढत होतं. साग, ओक, अ‍ॅश अशा लाकडात तर त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पेन्सिलने ओढल्यासारख्या छोट्या छोट्या रेघा. १८० किंवा २२० नंबरच्या सँडपेपरने घासलं की मैद्यासारखा भुसा निघतो तो या रेघांत जाऊन बसतो, आणि कोरडं फडकं दाबून फिरवलं की अजूनच ठासून बसतो. वरून सगळं साफ दिसतं पण पहिला हात मारला की रेघा पांढुरक्या दिसायला लागतात, आणि एकदा फिनिश, म्हणजे लावलेलं पॉलिश किंवा वार्निश, वाळलं की परत घासून काढण्याशिवाय उपाय नाही.

म्हणून आधी व्हॅक्यूम, मग पुसणं, हा क्रम उलटा करू नका. व्हॅक्यूमला मऊ केसांचा ब्रश जोडा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने सावकाश फिरवा. नुसतं शेवटी नाही, प्रत्येक वेळी पेपरचा नंबर बदलताना करा, कारण जाड पेपरचे सुटलेले कण मागे राहिले तर बारीक पेपरखाली येऊन ओरखडे पाडतात. व्हॅक्यूम नसेल तर रंगाचा कोरा, कोरडा ब्रश घेऊन झाडा, वेळ लागेल पण काम होतं. कंप्रेसरची हवा छिद्रं छान मोकळी करते, पण ती धूळ खोलीतच उडते आणि नंतर ओल्या फिनिशवर येऊन बसते, त्यामुळे हवा मारायची तर बाहेर नेऊन मारा. हवेतून तेलाचा अंश आला तर फिनिश तिथे फाकतं आणि गोल गोल खड्डे पडतात, तेही बघा.

आता पुसायचं कशाने, तर ते लावणार काय त्यावर आहे. ऑइल बेस्ड वार्निश किंवा तेल लावणार असाल तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलं केलेलं, धागे न सोडणारं सुती फडकं घ्या. याचा एक मोठा फायदा म्हणजे लाकूड क्षणभर ओलं होतं तेव्हा सांडलेल्या ग्लूचे डाग आणि आडवे ओरखडे लगेच दिसतात, ते तेव्हाच घासून घ्या. मग पूर्ण वाळू द्या, वास जाईपर्यंत. वॉटर बेस्ड फिनिश असेल तर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळल्यावर हात लावला तर दाढीच्या खुंटासारखं लागतं, घाबरू नका, २२० ने अगदी हलका हात फिरवा आणि परत व्हॅक्यूम. धूळ टिपायला टॅक क्लॉथ नावाचं चिकट फडकं मिळतं ते वॉटर बेस्डखाली आम्ही वापरू देत नाही, दाबलं की त्यातली राळ किंवा मेण लाकडावर उतरतं आणि वरचं फिनिश धरत नाही.

दोन कोटच्या मधे ३२० ने घासलं की पांढरी भुकटी निघते, तीही तशीच काढायची. पण लाखेच्या पॉलिशवर स्पिरिटने आणि लॅकरवर थिनरने कधीच पुसू नका, खालचा कोटच विरघळतो.

कोपरे आणि खाचा विसरू नका. आमच्याच एका कपाटाच्या दाराला फ्रेम आणि पॅनेलच्या मधल्या फटीत भुसा राहिला होता, ब्रश तिथून फिरला आणि ओल्या वार्निशमधे भुशाची लांब रेघ ओढत गेला, अख्खं दार परत घासावं लागलं. तेव्हापासून फटीला जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूमचं अरुंद तोंड, दोन्ही लागतंच. शेवटी काळं फडकं फिरवून बघा, आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका, राहिलेला कण न् कण दिसतो.

पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, घासतानाचा शर्ट बदललेला, आणि जमलं तर रात्रभर थांबून मगच पॉलिश.

घासताना आणि झाडताना एन९५ मास्क लावाच. आयएआरसी या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मधेच लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर एकेक उलगडून वाळत घाला, कडक झाली की मगच टाका.