शाळेतले जुने संगणक निकाली काढायचेत? बेळगाव सीमाभागातल्या शाळांसाठी अर्जाची पद्धत

नव्या संगणकांपुढे नारळ फुटतो आणि जुने त्याच दिवशी जिन्याखाली जाऊन बसतात. तिथे त्यांच्यावर आधी धूळ, मग स्नेहसंमेलनाचे पडदे, मग फुटक्या बाकांची फळकुटं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. विंडोज ११ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसरही त्यांच्या यादीतलाच हवा. शाळांमधले बरेच जुने संच त्यात बसत नाहीत, त्यामुळे जिन्याखालची गर्दी वाढतेच आहे.

हा ढीग हलवायचा ठरवल्यावर आपल्याकडची पहिली चूक मोबाइलवरच होते. मराठीत शोधलं की 'निर्लेखन प्रस्ताव', म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव, या नावाचे नमुने मिळतात, शिक्षकांच्या ग्रुपवरही तेच फिरतात. नमुने नेटके असतात, पण ते महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांवर बेतलेले असतात. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव ग्रामीणमधल्या शाळेला त्यांचा उपयोग नाही. इथल्या सरकारी मालमत्तेला कर्नाटक फायनान्शियल कोड लागू होतो. दुसरा नमुना सापडतो तो 'जीएफआर १०' या फॉर्मचा. तो केंद्र सरकारच्या २०१७च्या वित्तीय नियमांतला, म्हणजे केंद्रीय विद्यालयासारख्या संस्थांसाठीचा. राज्याच्या शाळेने तो भरून दिला तर फाइल परत येते आणि मधले दोन महिने गेलेले असतात.

अर्ज कुणी करायचा हे संगणक कुणाचा आहे यावर ठरतं. सरकारी प्राथमिक शाळा किंवा हायस्कूल असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची विकास व देखरेख समिती) मिळून प्रस्ताव करतात आणि तो बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, कार्यालयात जातो. तिथून गरजेप्रमाणे डीडीपीआय, म्हणजे शैक्षणिक जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांच्या, कार्यालयात. बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत हे बाहेरून आलेल्यांना माहीत नसतं. बेळगाव शहर, ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती ही मंडळी बेळगावच्या डीडीपीआयकडे. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक चिकोडीकडे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ आणि जोयड्याच्या शाळांचं डीडीपीआय कार्यालय कारवारला नाही, शिरशीला आहे.

अनुदानित शाळेत बहुतेक संच संस्थेच्या पैशांतले असतात, तिथे संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव पुरेसा. पण त्याच खोलीत सरकारी योजनेतून किंवा आमदार-खासदार निधीतून आलेले चार संच असतील, तर ते वेगळे काढायचे आणि त्यांचा प्रस्ताव सरकारी वाटेनेच पाठवायचा. दोन्ही एकाच ठरावात घालू नयेत. माजी विद्यार्थ्यांनी किंवा एखाद्या कंपनीने दिलेल्या संचांचं देणगीपत्र आधी वाचावं, त्यात अट असते कधी कधी. आयसीटी, म्हणजे शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी योजनेतल्या, संचांबाबत आणखी एक खोच आहे. त्यातले काही कंत्राटदाराने बसवून पाच वर्षं चालवायचे आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचे, अशा करारावर आले होते. हस्तांतराचा कागद शाळेत नसेल तर तो संच कायद्याने आपला आहे की नाही इथूनच सुरुवात करावी लागते.

आता कुठला संच 'काढण्यालायक'? जुना झाला एवढं कारण चालत नाही. दुरुस्तीचा खर्च त्याच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त आहे, सुटे भाग मिळत नाहीत, किंवा ज्या कामासाठी घेतला ते काम त्याच्यावर होत नाही, यांतलं काहीतरी कागदावर यावं लागतं. माझं मत विचाराल तर विंडोज ११ चालत नाही एवढ्यावरून संच भंगारात काढणं ही उधळपट्टी आहे. ४ जीबी रॅमच्या मशीनवर हलकी लिनक्स प्रणाली आरामात चालते. वाचनालयात, टायपिंगच्या सरावाला, पाचवी-सहावीच्या मुलांना ती पुरते. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालल्या आहेत. चालणारे बाजूला काढा, मेलेल्यांचाच प्रस्ताव करा.

कागदपत्रांतला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीच्या, त्या पानाची नक्कल. खरी डोकेदुखी इथेच. रजिस्टरात 'कॉम्प्युटर, नग १०' एवढीच ओळ असते आणि खोलीत सात सीपीयू, नऊ मॉनिटर, चार कीबोर्ड निघतात. मी ज्या शाळेचं काम पाहिलं तिथे दोन सीपीयू कुठे गेले याचा शोध घेता घेता तीन मुख्याध्यापक मागे जावं लागलं. शेवटी ते दुरुस्तीला दिलेले आणि कधी आणलेच नाहीत असं निघालं. म्हणून आधी मोजदाद करा. प्रत्येक नगाचा सीरियल नंबर, कंपनी, खरेदीचं किंवा मिळाल्याचं वर्ष, किंमत, कुठल्या निधीतून, आजची अवस्था असा तक्ता करा आणि प्रत्येकाचा फोटो काढा. नग कमी भरत असतील तर ते लपवून पुढे जाऊ नका. हरवल्याची नोंद हा वेगळा विषय आहे, तो वेगळ्या पत्राने कळवायचा.

या तक्त्यासोबत एसडीएमसीच्या बैठकीचा ठराव, निरुपयोगी असल्याचा तांत्रिक अहवाल, खरेदीची बिलं किंवा हस्तांतराचं पत्र आणि मुख्याध्यापकांचं विनंतीपत्र लागतं. तांत्रिक अहवाल शाळेतल्याच संगणक शिक्षकाने लिहू नये. सरकारी पॉलिटेक्निकचा संगणक विभाग किंवा कंपनीचा अधिकृत सेवा अभियंता यांपैकी कुणाचा चालेल ते बीईओ कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. मंजुरी कुठल्या पातळीवर मिळणार हे मालमत्तेच्या किमतीवर अवलंबून असतं, म्हणून किमतीचा रकाना रिकामा सोडू नका.

शाळा मराठी, एसडीएमसीचं प्रोसिडिंग मराठी, पण कार्यालयाला पत्र कन्नडमध्ये. ठरावाची मराठी प्रत आणि तिचा मुख्याध्यापकांच्या सहीचा कन्नड अनुवाद अशी जोडी दिली की टेबलावरच काम अडत नाही. घाबरण्याचं कारण नाही. कन्नड कारभारातले नेमके याच कामाचे शब्द आपल्या कानाला परके नाहीत: ठरावाला 'ठरावु', विल्हेवाटीला 'विलेवारी', साठ्याला 'दास्तानु', लिलावाला 'हराजु'. आपल्या जुन्या दप्तरांत हरराजी आणि विलेवारी होतीच की. पोच घेताना मात्र आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही घ्या.

मंजुरी येईपर्यंतच्या काळात एक काम उरकायचं, ते म्हणजे हार्ड डिस्क. कार्यालयातल्या संगणकावर मुलांचे जन्मदाखले, जातीचे दाखले, आधार क्रमांक, बँक खाती, एसएटीएसचे (कर्नाटकच्या विद्यार्थी नोंदीच्या ऑनलाइन प्रणालीचे) पासवर्ड असं सगळं साठलेलं असतं. फाइली डिलीट करून किंवा साधं फॉरमॅट करून ती माहिती जात नाही. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. हवं ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग चालू डिस्कवर वरून नवं लिहिणारं, म्हणजे 'ओव्हरराइट' करणारं, सॉफ्टवेअर चालवा. डिस्क बंद पडली असेल तर बाहेर काढून ड्रिलने आरपार भोकं पाडा. हे दोघांच्या समोर करा आणि कुठल्या सीरियल नंबरची डिस्क कधी नष्ट केली याचा एक पानी पंचनामा फाइलला लावा. एसएसडीवर ओव्हरराइटचा भरवसा नसतो, तिला कंपनीची 'सिक्युअर इरेज' सोय वापरावी.

मंजुरी हातात आली की माल कुणाला द्यायचा? रस्त्यावरून हाक देत जाणाऱ्या भंगारवाल्याला नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. वर्षात हजार किंवा जास्त विद्युत उपकरणं वापरणाऱ्यालाच हे नियम 'मोठा ग्राहक' धरतात, त्यामुळे खेड्यातली शाळा त्या व्याख्येत येत नाही. तरीही माल नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावा, कारण जुन्या फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसं असतं आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की त्याचा धूर गावातच राहतो. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. ती देशभराची असल्याने निपाणीहून जवळ पडतो म्हणून कोल्हापूरचा व्यवसायिक आला तरी त्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर तपासता येतो. मात्र सरकारी संच असतील तर खरेदीदार शाळेने परस्पर ठरवायचा नाही. लिलाव की दरपत्रक, हे मंजुरीच्या आदेशात असतं तसंच.

यूपीएसच्या बॅटऱ्या या ढिगात घालू नका. त्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ लागू आहेत आणि त्या वेगळ्याच द्याव्या लागतात. नवी बॅटरी घेताना जुनी परत घेणारा दुकानदार गाठला तर हा प्रश्न तिथेच मिटतो, वर थोडी सूटही मिळते.

गाडी निघण्याआधी वजन, नगसंख्या आणि सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, आणि पुढे पुनर्चक्रण केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. आलेली रक्कम आदेशात सांगितलेल्या खात्यात भरून चलन फाइलला लावा. शेवटी डेड स्टॉक रजिस्टरात त्या ओळीसमोर आदेशाचा क्रमांक व तारीख लिहून लाल शाईने नग कमी करा. आणि यूडायस प्लसमधला (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरचा) संगणकांचा आकडाही त्याच आठवड्यात सुधारा, नाहीतर खोलीत पाच आणि कागदावर पंधरा अशी शाळा पुढच्या मागणीच्या वेळी तोंडावर पडते.