प्रवासाची आठवण आणि प्रवासाचा किस्सा

जुने मित्र जमले किंवा घरची माणसे बऱ्याच दिवसांनी एकत्र आली की कोणीतरी "त्या सहलीची एक आठवण सांगतो" म्हणून सुरुवात करतो आणि पुढे बहुतेक वेळा किस्सा सांगतो. दोन्ही शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडतही नाही. मात्र ज्याला आपल्या माणसांबरोबर केलेले प्रवास पुढेमागे लिहून ठेवायचे आहेत, त्याला हा फरक फार लवकर अडतो. लिहायला बसले की चार-पाच किस्से भराभर कागदावर उतरतात आणि त्यांच्या मधले सगळे दिवस कोरे राहतात. आठ दिवसांच्या प्रवासातले तीनच प्रसंग तेवढे हाताशी आहेत, आणि तेही आपण ज्या शब्दांत दरवेळी सांगतो त्याच शब्दांत, हे लक्षात आल्यावर माणूस थोडा चपापतो.

मराठीतल्या क्रियापदांनी या दोहोंची वाटणी आधीच करून ठेवली आहे. आठवण येते, होते, दाटते. नको असली तरी येते. किस्सा घडतो, मग तो सांगावा लागतो, रंगवावा लागतो, आणि ऐकायला कोणी नसेल तर तो नुसता पडून राहतो. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थही कथा असाच आहे. कथेला सुरुवात आणि शेवट लागतो. आठवणीला यांपैकी काहीच लागत नाही. एखाद्या वळणावर गाडीत आलेला ओल्या मातीचा वास ही पूर्ण आठवण असू शकते, पण त्याचा किस्सा कोणी करून दाखवावा.

माझ्याच घरातले उदाहरण घेतो. मी सहा-सात वर्षांचा असताना आम्ही सगळे रात्रीच्या बसने एका लांबच्या गावी निघालो होतो. वडिलांनी "मी जागा आहे, तुम्ही निर्धास्त झोपा" असे बजावले आणि सगळ्यांच्या आधी तेच घोरू लागले. आम्हाला जिथे उतरायचे होते तो थांबा केव्हाच मागे पडला आणि जाग आली तेव्हा बस आगारात दिवे मालवून उभी होती. वडील उठले, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "बघा, गर्दी नाही म्हणून सांगत होतो." हा आमच्या घरातला सर्वात लाडका किस्सा आहे. तो दरवेळी घोरण्यापासून सुरू होतो आणि दरवेळी या वाक्यावर संपतो. त्या वाक्यानंतर काय झाले, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

त्याच रात्रीची माझी आठवण याहून अगदी वेगळी आहे. कपाळाला लागलेली बसची गार काच, अंधारात बाकाखाली हात घालून पिशव्या मोजणारी आई, आणि ती घाबरली आहे हे कळल्यामुळे आपणही घाबरायला हवे का, असा पडलेला प्रश्न. यात हसण्यासारखे काहीच नाही, आणि म्हणूनच किस्सा घडत गेला तशी आईची ती भीती त्याच्या बाहेर राहिली. किस्सा सांगणाऱ्याला एक गमतीशीर माणूस, एक फजिती आणि एक शेवटचे वाक्य पुरते. चौथे पात्र घाबरलेले असेल तर ते रंगाचा बेरंग करते.

मानसशास्त्रात या फरकाच्या जवळ जाणारी एक जुनी विभागणी आहे. एंडेल टुलव्हिंग या संशोधकाने १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे काढले: स्वतः अनुभवलेल्या प्रसंगांची स्मृती, आणि केवळ माहीत असलेल्या गोष्टींची स्मृती. पहिल्या प्रकारात माणूस मनाने त्या काळात परत जातो. टुलव्हिंगने त्याला मनातल्या मनात केलेला कालप्रवासच म्हटले आहे. दुसऱ्या प्रकारात असे परत जावे लागत नाही, गोष्ट नुसती ठाऊक असते. खूप वेळा सांगितलेला किस्सा हळूहळू या दुसऱ्या प्रकाराकडे सरकतो, असे मला वाटते. तो सांगताना आपण त्या बसमध्ये नसतो, दिवाणखान्यात असतो, आणि पुढचे वाक्य पाठ केलेल्या कवितेच्या ओळीसारखे आपोआप तोंडात येते.

आणखी एक खूण डोळ्यांची आहे. जॉर्जिया नायग्रो आणि उल्रिक नायसर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की काही प्रसंग माणसाला स्वतःच्या डोळ्यांतून दिसतात, तर काहींत तो स्वतःलाच बाहेरून, एखाद्या प्रेक्षकासारखा, पाहतो. जुन्या प्रसंगांत हे बाहेरून पाहणे अधिक आढळते. किस्सा आठवताना मला ती सबंध बस दिसते, आम्ही सगळे एकमेकांवर कलंडून झोपलेले दिसतो, त्यात मीसुद्धा दिसतो. हे दृश्य पाहायला त्या रात्री तिथे कोणी जागे नव्हते. काच आठवते तेव्हा मात्र मी दिसत नाही, फक्त काच असते.

मग दोन्ही एकमेकांत मिसळतात कशी? सांगण्यानेच. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक कथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक खेपेस कथा आखूड होत गेली, न कळलेले तपशील गळाले, आणि परके तपशील ओळखीच्या वस्तूंनी बदलले: झाडाच्या बुंध्याची होडी साधी बोट झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. प्रवासाच्या बाबतीत हे फार जवळचे आहे, कारण प्रवासात दिसलेले कितीतरी परके असते आणि घरी परतल्यावर ते घरच्या मापात बसवूनच सांगावे लागते.

त्याहून थेट लागू पडणारा प्रयोग निकोल डुडुकोव्हिक, एलिझाबेथ मार्श आणि बार्बरा ट्वर्स्की यांचा, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. त्यात सहभागी झालेल्यांनी एक गोष्ट वाचली आणि नंतर ती अनेकदा सांगितली. काहींना ती जशीच्या तशी सांगायची होती, तर काहींना ऐकणाऱ्याचे मनोरंजन होईल अशी. शेवटी सर्वांना नेमके आठवायला सांगितले तेव्हा मनोरंजनासाठी सांगणाऱ्यांचे आठवणे कमी अचूक निघाले. म्हणजे रंगवून सांगताना आपण ऐकणाऱ्याला तर फसवतोच (ती फसवणूक त्याला हवीच असते), पण नकळत स्वतःच्या दप्तरातली मूळ प्रतही बदलत असतो.

एकट्याने केलेल्या प्रवासापेक्षा सोबतीने केलेल्या प्रवासात हे मिसळणे जास्त होते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. आठवणी माणूस एकट्याच्या डोक्यात नव्हे, तर कुटुंब आणि समूह यांच्या चौकटीत घडवतो, हा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्येच मांडला होता. गप्पांमध्ये ही चौकट कशी काम करते, याचे एक विलक्षण निरीक्षण अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कोपेल आणि विल्यम हर्स्ट यांच्या २००७ मधील अभ्यासात आहे. बोलणारा एखाद्या प्रसंगातला एक भाग सांगतो आणि त्याच प्रसंगातला दुसरा भाग वगळतो, तेव्हा तो वगळलेला भाग आठवणे नंतर त्यालाच नव्हे, तर ऐकणाऱ्यालाही अवघड जाते. प्रसंगाशी ज्याचा काही संबंधच नाही असे काही विसरले जात नाही. विसरले जाते ते सांगितलेल्या भागाला लागून असलेले. आगाराचा किस्सा आमच्या घरात सांगितला गेला तेवढ्या वेळा आईची भीती आणि पिशव्या सांगितल्या गेल्या नाहीत, आणि ऐकणारे आम्ही सगळेच होतो. एखादी सहल "आठवते" असे सगळे म्हणत असताना तिचा मोठा भाग सगळ्यांच्याच हातून एकाच वेळी निसटतो, तो असा.

एकत्र बसून आठवले तर जास्त आठवते, ही समजूतही पूर्ण खरी नाही. मेरी वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवले की समूहाने मिळून आठवलेल्या गोष्टी, तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवलेल्या गोष्टींच्या एकत्रित यादीपेक्षा कमी भरतात. एकाच्या आठवण्याचा क्रम दुसऱ्याचा क्रम मोडतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. ज्यांना मित्रांबरोबरच्या जुन्या सहलीचे टिपण करायचे आहे त्यांनी आधी प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावे आणि मगच मैफल जमवावी, असे मी सांगेन. उलट क्रमाने केले तर पाच माणसांकडून एकच किस्सा पाच वेळा मिळतो.

किस्सा आणि आठवण यांच्या गल्लतीचे टोक मला माझ्या धाकट्या भावात दिसते. आगाराच्या त्या प्रवासाच्या वेळी तो जन्मलाही नव्हता. तरी तो हा किस्सा आम्हा सर्वांपेक्षा चांगला सांगतो, वडिलांचे घोरणे हुबेहूब काढतो, आणि "आम्ही उठलो तर काय" असे म्हणतो. त्याला हटकले तर हसतो, पण पुढच्या वेळी पुन्हा "आम्ही"च म्हणतो. यात नवल नाही. मर्सिडीस शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकच प्रसंग "हे माझ्या बाबतीत घडले" म्हणून दोघेही ठामपणे सांगत असल्याची उदाहरणे मिळाली. प्रत्यक्षात तो दोघांपैकी एकाच्याच वाट्याला आलेला असायचा.

बालमनाचे थोर अभ्यासक झाँ पियाजे यांनाही हे चुकले नाही. लहानपणी पॅरिसच्या शाँज-एलिझे रस्त्यावर बाबागाडीतून फिरायला नेले असताना एका माणसाने आपल्याला पळवण्याचा प्रयत्न केला, दाईने त्याला अडवले, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, हे सारे त्यांना स्पष्ट दिसत असे. ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र आले: सगळा प्रकार तिने रचलेला होता, आणि बक्षीस मिळालेले घड्याळ तिला परत करायचे होते. पियाजेंनी ही कथा लहानपणी ऐकली असणार आणि ती दृश्य होऊन त्यांच्या मनात बसली असणार. चित्र कितीही स्पष्ट दिसले तरी त्यावरून ती आपली आठवण आहे की कानावर पडलेला किस्सा, हे ठरवता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. फोटो म्हणजे आठवण, असे धरून चालणाऱ्यांनी लिंडा हेंकेल यांचा २०१४ मधील अभ्यास ध्यानात ठेवावा. संग्रहालयात फिरताना ज्या वस्तूंचे सबंध फोटो काढले त्या वस्तू, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, लोकांना कमी आठवल्या. वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला असेल तर मात्र ही घट दिसली नाही. फोटो अल्बममध्ये लागला की त्याभोवती किस्सा जमू लागतो, आणि ज्याचा फोटो नाही तो दिवस मागे पडतो.

यावरून आठवण खरी आणि किस्सा खोटा, असा निकाल कोणी काढू नये. किस्सा चारचौघांत सांगितला जातो, त्यामुळे त्याला रोखणारेही तिथेच बसलेले असतात: "तो सोमवार नव्हता", "तेव्हा आत्या आपल्याबरोबर नव्हती". तारीख, क्रम, माणसांची संख्या यांबाबत घरात मुरलेला किस्सा पुष्कळदा एकट्याच्या आठवणीपेक्षा भरवशाचा असतो. एकट्याच्या आठवणीला असा साक्षीदार नसतो. ती चुकली तरी कोणी टोकत नाही. शिवाय किस्सा माणसामागे उरतो. वडील आता नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यातला तो शांत निर्लज्जपणा कुठे टिकून असेल तर त्या एका वाक्यात आहे. माझ्या काचेच्या गारव्यात ते नाहीत.

आपल्या हातात नेमके काय आहे हे पाहायचे असेल, तर किस्सा जिथे संपतो त्याच्या पुढचा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आगारातून आम्ही बाहेर कसे पडलो? पहाट कुठे झाली? कोण कोणाच्या शेजारी बसले होते? किस्सा इथे गप्प होतो. आठवण कधी गप्प होते, तर कधी काहीतरी बिनकामाचे, कोणाच्याच उपयोगाचे नसलेले पुढे करते, आणि ते बिनकामाचे असल्यामुळेच मला त्यावर जरा जास्त विश्वास ठेवावासा वाटतो. ही परीक्षा पक्की मात्र नाही, कारण विचारलेल्या प्रश्नाला मन काहीतरी उत्तर बनवूनही देते.

हे सारे मनात घोळत असताना मागच्या वर्षी मी आईला, आजूबाजूला दुसरे कोणी नसताना, त्या रात्रीबद्दल विचारले. वडिलांचे ते वाक्य तिला आठवत नव्हते. ते त्यांनी नंतर घरी आल्यावर जोडले असावे, असे ती म्हणाली. वाहकाने येऊन आतले दिवे लावले, ते तिला आठवत होते. पिशव्यांचे विचारल्यावर ती जरा थांबली. "पिशव्या टपावर होत्या," ती म्हणाली, "आणि तू तर गाढ झोपला होतास, तुला उचलूनच उतरवले." काचेचा गारवा अजून पूर्वीसारखाच येतो, पिशव्यांच्या बाबतीत मी आता आग्रह धरत नाही.